पंचेचाळीस नंबरची लाथ

मुक्काम ठाणे,
माघ शुद्ध दशमी, शके १८११

राजमान्य राजेश्री सहदेवराव साडूसाहेब यांचे सेवेशी, धाकटा साडू त्र्यंबक याचा ठाण्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार. (‘दोन्ही’ हा शब्द सवयीने पडलेला नाही. कार्तिकात मला एकच हात हलवता येत होता, आणि एका हाताने नमस्कार जोडता येत नाही, हे माझ्यासारख्या वकिलाला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच समजले.) आपला गुडघा कसा आहे? सूज उतरली का? सुमतीताईंनी माझ्या कुटुंबास, मंदाकिनीस, लिहिलेल्या चिठ्ठीत एवढेच होते की ‘यांच्याने जिना उतरवत नाही.’ फौजदारीत अठरा वर्षे घोड्यावर काढलेल्या माणसाला घरच्या जिन्याने अडवावे, हे वाचून मनाला लागले. निर्गुडीचा शेक चालू ठेवावा, आणि वैद्याने सांगितले म्हणून वांगी सोडली असतील तर चोरून खाऊ नयेत. येथील मंडळी सुखरूप आहेत. खोकला मधल्या मुलाला होता तो गेला, आता थोरल्याला आहे.

गेल्या शनिवारी येथे चांदमारीचा सामना झाला, त्याची हकिगत आपणास दुसऱ्या कोणी सांगण्यापूर्वी मीच कळवावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. आपण स्वतः कल्याणकरांच्या बाजूने उतरणार होता, आणि गुडघ्यामुळे घरी राहावे लागले, तेव्हा आपला हक्कच आहे. परंतु शनिवारची हकिगत समजायची तर दसऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. (दावा कोठे उद्भवला हे आधी सांगावे लागते, त्याला माझा नाइलाज आहे.)

दसऱ्याला आपण आमच्याकडे जेवायला होता. साहेबलोकांच्या क्लबाने यंदा आपल्या लोकांसाठी वेगळा सामना ठेवल्याची बातमी तेव्हा ताजी होती. शंभर वारांवरून दहा गोळ्या, बंदूक ज्याची त्याने आणायची आणि ती नव्या अमेरिकन तऱ्हेची असावी, अशी अट होती. म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस उडून बाहेर पडते आणि कडी वर मिटली की दुसरे आपोआप जागेवर येते, ती. कोलशेतच्या शेतात रानडुकरे येतात म्हणून माझ्याकडे परवाना होताच, बंदूक तेवढी नव्हती. आपण पान जमवत जमवत म्हणालात, “घ्यायचीच तर पंचेचाळीस नंबरची घ्या, त्र्यंबकराव. बंदूक म्हणजे ती.” एवढे वाक्य मी ऐकले आणि ते माझ्या मनात पक्के बसले. पुढेही आपण काही बोलत होता, परंतु तेव्हा बासुंदीची दुसरी वाटी आली होती.

मुंबईस कोटात, फोर्ट म्हणतात तिथे, एका पारशी गृहस्थाचे बंदुकांचे दुकान आहे. त्याने मला नखशिखान्त पाहिले (माझी उंची आपणास माहीतच आहे, आणि वजन त्या मानाने काहीच नाही) आणि विचारले, “शेठ, वाघ मारायचाय की कागद?” मला हा प्रश्न अपमानकारक वाटला. मी म्हटले, “दोन्ही.” त्याने एक लांब, जड, बत्तीस नंबरची काढून दाखवली. तिचे काडतूस लवंगेपेक्षा जरा मोठे, म्हणून मी ती बाजूला सारली. मग त्याने पंचेचाळीस नंबरची आणली. तिची नळी आखूड होती, वजनाला हलकी, काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढे. मी म्हटले, “वा! ताकदही मोठी आणि उचलायलाही सोपी.” त्याने दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मिटले. चांगल्या साक्षीदाराचे हे लक्षण मी त्याच क्षणी ओळखायला हवे होते.

कार्तिकातल्या एका रविवारी मी बंदूक घेऊन कोलशेतला गेलो. आमच्या शेताची राखण धाकू करतो. तो तिथलाच, जन्म सगळा मिठागरात आणि शेतात गेलेला, बापाच्या वेळच्या तोड्याच्या बंदुकीने डुकरे मारलेला. तो बांधावर उकिडवा बसून विडी ओढीत होता. मी खाडीकडच्या उंच बांधाला एक सूप टेकवून ठेवले, साठ पावले मोजली, बंदूक उचलली. दस्त्याचे बूड चंद्रकोरीसारखे आत वळलेले आणि लोखंडी. ते मी गळ्याखालच्या हाडावर टेकवले, कारण तिथून नेम डोळ्याला जवळ पडत होता. पाय जुळवून, कोर्टात उभा राहतो तसा ताठ उभा राहिलो, किंबहुना रुबाबासाठी किंचित मागेच रेललो, आणि चाप ओढला.

पुढचे मला धाकूकडून कळले. आवाज झाला, धूर झाला, आणि धुरातून आधी माझी पगडी बाहेर आली. त्यानंतर मी. बांधाच्या पलीकडे मिठागराचे पाणी सोडायचा चर होता, त्यात मी पाठीवर पडलो होतो आणि वर आकाश दिसत होते. बंदूक माझ्या छातीवर होती. सूप जागच्या जागी होते. धाकूने विडी विझवली नाही. तो वाकून म्हणाला, “रावसाहेब, जिवंत हाव ना?” मी हो म्हटले. तेव्हा म्हणाला, “मंग उठा. भरती येते.”

चंद्रकोरीचे खालचे टोक खांद्यात आणि वरचे टोक हाडावर बसले होते. घरी आलो तोवर तिथे जांभळाचा रंग आला होता. मंदाकिनीने आंबेहळद उगाळून लावली आणि एक अक्षर बोलली नाही. (ती बोलत नाही तेव्हा मला फार बोलल्यासारखे वाटते.) दुसरे दिवशी कोर्टात काम होते. न्यायाधीश आत आले, सगळे वकील उठले, उजव्या हाताने सलाम झाले. माझा उजवा हात बरगडीला चिकटलेला, म्हणून घाईघाईत मी डाव्या हाताने सलाम केला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले ते पाहिलेच. त्या दिवशी माझ्या चार हरकती होत्या, चारही फेटाळल्या. पाचवी मी घेतलीच नाही, कारण तिला हात वर करावा लागला असता.

त्याच संध्याकाळी, डाव्या हाताने, मी आपणास ते पत्र लिहिले.

त्यातील मजकूर आपणास पाठ असेल, मी येथे पुन्हा उतरवीत नाही. आपण कल्याणकर, मी ठाणेकर, तेव्हा सामन्याआधीच प्रतिपक्षाचा खांदा निकामी करण्याचा हा बेत होता, अशा अर्थाचे त्यात काही होते. ‘फौजदारी डोके’ असाही शब्द होता. आपले उत्तर आले नाही. मार्गशीर्ष गेला, पौष आला. संक्रांतीला कल्याणहून तिळगुळाचा डबा आला नाही. लग्नापासून एकवीस वर्षांत असे झाले नव्हते. मंदाकिनीने तीन वेळा दाराकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचीत होतो आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचीत होतो.

परंतु मी हकिगतीत पुढे गेलो. मधल्या काळात खांदा बरा होताच मी बंदूक घेऊन त्या पारशी गृहस्थाकडे गेलो होतो. त्याने या खेपेस तोंड उघडले ते मिटले नाही. त्याने मला समजावले ते असे, की गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढी बंदूक मागे येऊ पाहते. बंदूक जड असली तर ती आळशी बैलासारखी थोडीच सरकते, हलकी असली तर सगळा जोर मालकाच्या अंगावर काढते. मी मोठे काडतूस आणि हलकी बंदूक यांचे लग्न लावले होते, तेव्हा पोराने जन्मताच बापाला लाथ मारली यात नवल ते काय. शिवाय चंद्रकोरीच्या बुडाचा दस्ता छातीवर टेकवायचा नसतोच, तो दंड आणि खांदा मिळतात तिथल्या खोबणीत बसवायचा असतो, आणि नवशिक्याने तर रुंद, सपाट बुडाचाच घ्यावा, म्हणजे धक्का तळहाताएवढ्या जागेवर पसरतो, दोन टोकांवर येत नाही. त्याने माझा हात कोपरात वाकवून दस्त्याची लांबीसुद्धा मापली. एवढी काळजी आमच्या शिंप्याने कधी केली नाही. “कागदाला भोक पाडायचे,” तो म्हणाला, “तर कागदापुरती बंदूक घ्या. कागद गुरगुरत नाही.” पंचेचाळीस नंबरची त्याने परत घेतली आणि मी पहिल्या दिवशी बाजूला सारलेली तीच बत्तीस नंबरची, आठ कोनी जड नळीची, सपाट बुडाची, घेऊन आलो. ती इतकी जड आहे की स्टेशनावर हमालाने विचारले, आत काय आहे.

आता सगळे सुरळीत होईल असे वाटले. झाले नाही. कोलशेतला मी वीस गोळ्या झाडल्या आणि सुपाला एक लागली, तीही बहुधा सुपाच्या चुकीने. बंदूक आता खांद्याला नुसता टपला मारीत होती, आमची धाकटी पाठीवर मारते तेवढा. तरी गोळी दर वेळी खाली मातीत. मी बंदुकीला बोल लावला, दारूला लावला, वाऱ्याला लावला. धाकू बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “द्या इकडं, मी भरून देताव.” पाठ करून त्याने कडी ओढली, मिटली, बंदूक माझ्या हातात दिली. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. खट्‌ असा आवाज झाला, धूर नाही, धक्का नाही. आणि तरीही, साडूसाहेब, माझे डोळे गच्च मिटले, नळी वीतभर खाली गेली, उजवा खांदा मागे पळाला आणि मी एक पाऊल मागे सरून उभा राहिलो. रिकाम्या बंदुकीने मला लाथ मारली होती.

धाकू म्हणाला, “बंदूक नाय मारीत, रावसाहेब. तुमीच आधी मार खाऊन घेताव.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर मंदाकिनीला सगळे सांगितले, आणि सांगता सांगता सवयीप्रमाणे हेही म्हटले की याचे मूळ सहदेवरावांच्या सल्ल्यात आहे. तेव्हा तिने हातातले पान खाली ठेवले. ती म्हणाली, “भावोजी काय म्हणाले होते ते सगळं सांगू का? मी दाराआडून ऐकलं होतं. म्हणाले, घ्यायचीच तर पंचेचाळीस नंबरची घ्या, बंदूक म्हणजे ती, पण तुमच्या अंगाला ती झेपायची नाही, म्हणून आधी चार दिवस कल्याणला या, माझ्या हाताखालच्या विश्रामच्या हलक्या काडतुसांवर हात बसवा, उभं कसं राहायचं ते मी दाखवतो, मग ठरवू. तुम्ही बासुंदी मागून घेत होता.”

मी तिला विचारले, हे तू त्या पत्राच्या दिवशीच का सांगितले नाहीस? ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही पत्र लिहून लाख लावून टाकायलासुद्धा दिलं होतं. मला विचारलं होतं का?”

निकाल लागला होता. अपिलालाही जागा नव्हती.

त्यानंतर मी शहाण्यासारखा शिकलो. डावा पाय पुढे, गुडघा थोडा सैल, अंग पुढे झुकलेले, जणू समोरून वारा येत आहे. दस्ता खांद्यात आधीच घट्ट ओढून धरायचा, म्हणजे बंदुकीला दौड घ्यायला जागाच उरत नाही आणि धक्का मारायच्या ऐवजी ती नुसती ढकलते. गाल दस्त्याला टेकलेला. आणि चाप ओढायचा नाही, लिंबू पिळावे तसा हळूहळू दाबायचा, इतका हळू की बार कधी होईल हे आपल्यालाही कळू नये. कारण कळले तर अंग आधीच पळते. रोज सकाळी अशिलांच्या येण्याआधी माजघरात रिकाम्या बंदुकीची तालीम. नळीच्या टोकावर मंदाकिनी एक चिंचोका ठेवी, मी चाप दाबी. चिंचोका पडला तर तालीम पहिल्यापासून. पहिल्या दिवशी माजघरात चिंचोक्यांचा पाऊस पडला. दहाव्या दिवशी एक राहिला. महिन्याने लागोपाठ वीस वेळा चिंचोका जागचा हलला नाही, आणि त्याच सकाळी दारात आलेला एक अशील, मी स्वयंपाकघराच्या दिशेने बंदूक रोखून उभा आणि कुटुंब नळीवर चिंचोका ठेवीत आहे असे पाहून परत गेला. तो अद्याप आलेला नाही.

मग शनिवार. खाडीकडच्या मैदानात तंबू, झेंडे, साहेबलोकांच्या मडमा छत्र्या घेऊन. नेमाच्या कागदाशेजारी खड्ड्यात माणूस बसलेला, तो गोळी लागली की लाल निशाण दाखवी, आणि चुकली की पांढरे. आम्ही अकराजण. आपल्या जागी कल्याणहून विश्राम आला होता, आपण हाताखाली तयार केलेला. त्याच्या हातात पंचेचाळीस नंबरची बंदूक पाहिली आणि माझा खांदा कोटाच्या आत आपणहून दोन बोटे मागे सरकला.

माझी पाळी आधी आली. पहिली गोळी झाडताना नळी खाली गेली, पांढरे निशाण. मागून कोणीतरी हसले. मी डोळे मिटून चिंचोका आठवला. मग अंग पुढे टाकले, दस्ता ओढला, लिंबू पिळले. लाल. पुन्हा लाल. कडीचा खटका, धूर, लाल. नऊ गोळ्या लागल्या, साडूसाहेब, त्यांतल्या चार मधल्या काळ्या वर्तुळात. मला धक्का जाणवलासुद्धा नाही. शपथेवर सांगतो, कापसाच्या उशीने कोणी ढकलावे एवढाही नाही. इतके माझी बंदूक आणि माझे अंग एक झाले होते.

मग विश्राम उभा राहिला. मी त्याच्या बंदुकीकडे पाहत नव्हतो, पायांकडे पाहत होतो. दहा वेळा ती तोफ सुटली, दहा वेळा त्याचे अंग वेतासारखे लवले आणि जागेवर आले. पाय तसूभर हलले नाहीत. दहा लाल, सात काळ्यात. पहिला तो, दुसरा मी. साहेबाने त्याला विचारले, “कोणी शिकवले?” त्याने आपले नाव सांगितले, तेव्हा कल्याणकरांनी टाळ्या वाजवल्या. ठाणेकरांतही एकाने वाजवल्या, दोन्ही हातांनी, आणि बराच वेळ. तो मी.

घरी येताना मला पहिला न आल्याचे दुःख शोधूनही सापडले नाही. जेवलो चांगला. झोप गाढ लागली.

सुमतीताईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. येथे मजकूर संपतो, मन आपल्याकडेच आहे. 

आपला,
त्र्यंबक

ता. क. – गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला कोलशेतहून धाकूने मोठा भारा आणून दिला आहे. तो कोणाबरोबर पाठवावा हे कळवावे, किंवा आपण स्वतः येऊन न्यावा. स्टेशनावर टांगा घेऊन मी स्वतः उभा राहीन, म्हणजे आपणास एक पायरीदेखील चढावी लागणार नाही.

दुसरा ता. क. – निर्गुडी कल्याणातही मिळते हे मला माहीत आहे. सरळच लिहितो. कार्तिकातले ते डाव्या हाताने लिहिलेले पत्र आपल्यापाशी असेल तर कृपा करून चुलीत घालावे. त्यातील एकही शब्द खरा नव्हता, आणि अक्षर तर मुळीच माझे नव्हते. ते जाळले असे दोन ओळींत कळवावे. या संबंध पत्रात मला मागायचे होते ते एवढेच. हे पत्र लाख लावून टाकण्यास मंदाकिनीपाशी देत आहे.

तिसरा ता. क., मंदाकिनीचा – भावोजींस नमस्कार. लाख लावण्यापूर्वी मी वाचले, तसे सांगितले नव्हते पण नकोही म्हटले नव्हते. इकडून लिहिले आहे ते सारे खरे आहे. फक्त धक्का जाणवला नाही, अंग आणि बंदूक एक झाली, असे जे शपथेवर लिहिले आहे, त्याचे कारण असे की पौषात मी इकडच्या काळ्या कोटाच्या उजव्या खांद्यात, अस्तराच्या आत, शेवरीच्या कापसाची दोन बोटे जाड गादी शिवली आहे. कोट मीच खुंटीवर लावते आणि मीच अंगावर चढवते, त्यामुळे अजून कळलेले नाही. तालमीने खांदा भरला असे सगळ्यांना सांगणे चालू आहे, आणि कोर्टातल्या मंडळींनी दंड चाचपून पाहिला म्हणतात. आपणही कृपा करून बोलू नये. येत्या रविवारी ताईला घेऊन नक्की या. तिची शिवण माझ्यापेक्षा बारीक आहे, आणि डावा खांदा आता उजव्याच्या जोडीला भरावाच लागेल, कारण परवा न्यायाधीशसाहेबांनी विचारले की वकीलसाहेब, आपण हल्ली वाकडे का उभे राहता?